रविवारचं औषध

९ जुलै, बुधवार

आज सकाळी सातलाच फाटकाशी तिघं जण उभे. त्यातली एक बाई तारिहाळहून दोन बसा बदलून आलेली, नवऱ्याला घेऊन. नवऱ्याचे डोळे पिवळेधमक. "अव्वा आहेत का हो? औषध पाहिजे होतं."

अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, आहेत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आहेत. पण गेल्या महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडातून नुसतं "अं, अं" निघतं. हे सगळं त्या बाईला फाटकाशी उभं राहून सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "मग तुम्ही सून ना? तुम्हाला नाही शिकवलं?"

असा राग आला मला! आणि त्या तिरमिरीतच बोलून गेले, "रविवारी या. मी देते."

आता वही घेऊन बसले तर वाटतंय, हे काय करून बसले मी? सव्वीस वर्षं ज्या औषधाला नाक मुरडलं तेच आता वाटणार? मिरजेहून लग्न होऊन हुबळीला आले तेव्हा मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, तोऱ्यातच होते. आणि इथे सासूबाई दर रविवारी-बुधवारी सकाळी कावीळीचं औषध देतात, फुकट देतात, आणि कसलं ते कुणाला सांगत नाहीत! त्यांच्या सासूबाईंनी निपाणीहून आणलेली विद्या. सासूने सुनेला स्वतःच्या तोंडाने सांगायची, तरच हाताला गुण येतो म्हणे. पाट्यावरचा तो हिरवा गोळा मी पहिल्याच पावसाळ्यात ओळखला. भुईआवळा. पावसाळ्यात कुंडीत, फरशीच्या फटीत, कुठेही उगवतो; लोक उपटून फेकतात. इथे नेलनेल्ली म्हणतात. जुन्या वैद्यकात भूम्यामलकी. हजार-दोन हजार वर्षं सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित!

पण आईंनी मला ते स्वतःहून सांगितलं नाही ते नाहीच. एकदा मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "औषध सांगायला एक मिनिट लागतं गं. तू आधी वर्षभर रविवारी माझ्याशेजारी येऊन बस. मग सांगते." म्हणजे काय, मी उमेदवारी करायची? नाही बसले. रविवारी माझी दुसरी कामं असत.

सुधींद्र कामावरून आल्यावर त्यांना सांगितलं. चहाचा कप हातात तसाच ठेवून म्हणाले, "तू?" बस, एवढंच. माझे यजमान फार बोलत नाहीत, पण जेवढं बोलतात तेवढं झोंबतं.

१२ जुलै, शनिवार

उद्याची तयारी. आईंची रीत अशी की रोप उपटायच्या आदल्या संध्याकाळी त्याला आमंत्रण द्यायचं. हळद-अक्षता वाहायच्या आणि म्हणायचं, उद्या तुला न्यायला येते, नाही म्हणू नकोस. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, म्हणून सूर्य उगवायच्या आत उपटायचं. लोखंड लावायचं नाही. या सगळ्याला मी किती हसले असेन! आज संध्याकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेले, इकडे-तिकडे कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि टाकल्या अक्षता. तोंडाने मात्र काही म्हटलं नाही. लाज वाटली.

तिथेच आघाडा दिसला, एरंड दिसला. आईंच्या लेखी प्रत्येकाचं काहीतरी काम ठरलेलं. ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासायचे. गुडघा सुजला की एरंडाचं पान तेल लावून शेकून बांधायचं. टाच दुखली की रुईचं. द्वादशीला तुळस तोडायची नाही, ती त्या दिवशी उपाशी असते. मुलं लहान असताना मी त्यांना सांगायचे, आजीचं ऐका, पण खरं मानू नका. आता वाटतं, हे सगळं लिहून काढायला हवं होतं. विचारायला गेलं तर आता उत्तर येणार नाही.

एक मात्र मी माझ्या मनाने बदलणार आहे. आईंचे ते नखरे मी करणार नाही. औषध मागायला आलेल्याला आधी समोर बसवायचं, उजेडाकडे बघ म्हणायचं, गाडी थांबवतात तसे दोन्ही हात पुढे धरायला लावायचे आणि बराच वेळ बघत राहायचं. आज वार कोणता, काल काय जेवलास, आडनाव काय, असले प्रश्न! शाळेच्या इन्स्पेक्टरीणबाईच जशा. आणि एवढं करून आठ-दहांतल्या एकाला तरी सांगायचं, "तुला माझं औषध लागू नाही, ऊठ." बिचारं माणूस खाली मान घालून जायचं. २०११ साली एक पोटुशी पोरगी आली होती, नवलगुंदकडून. तिला उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतलं नाही. ती रडत होती आणि आईंचा चेहरा दगडासारखा. का, तर गरोदर बाईला देवीची आज्ञा नाही म्हणे. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

माझ्या दारातून कोणी विन्मुख जाणार नाही. हे लिहून ठेवते.

१३ जुलै, रविवार

सात जण आले. सातही जणांना दिलं.

पहाटे उठून रोपं आणली, धुतली, पाट्यावर वाटली. लिंबाएवढी गोळी, वाटीभर ताकात कालवून, उपाशीपोटी. रविवार, बुधवार, परत रविवार, असे तीन डोस. तेल-तिखट बंद, मूगभात खायचा. हे सगळं मी इतक्या ठसक्यात सांगितलं की माझं मलाच हसू आलं.

आईंना खुर्चीसकट दारात आणून बसवलं. त्यांनीच डाव्या हाताने दाराकडे दाखवून हट्ट केला. हेमावती म्हणाली, "बसू द्या अक्का, त्यांचं काम आहे ते." हेमावती म्हणजे आईंचं सगळं करणारी बाई. आजारपणानंतर ठेवली. सकाळी सातला येते, संध्याकाळी जाते. कन्नड-मराठी मिसळून बोलते, आईंशी तर तासन्‌तास बोलते, जणू काही त्या उत्तरं देतातच.

शेवटचे आले विठ्ठलराव. रेल्वेतून निवृत्त, आमच्याच गल्लीतले. पाय सुजलेले, पोट पुढे आलेलं. मी वाटी पुढे केली तशी आईंनी खुर्चीच्या हातावर डावा हात आपटायला सुरुवात केली. अं! अं! मला वाटलं, लघवीला लागली. हेमावतीला म्हटलं, आत ने त्यांना. आत जातानासुद्धा मान वळवून बघत होत्या.

मला आपलं वाटतंय, माझ्या हातून औषध दिलेलं त्यांना बघवत नाही. वाईट वाटणारच. आयुष्यभर त्यांनी मिरवलेली गोष्ट. पण माझ्याही मनाचा कोणी विचार करील की नाही?

१६ जुलै, बुधवार

पाच जण. विठ्ठलराव आले नाहीत. मोठ्या इस्पितळात भरती केलंय असं कळलं. पथ्य पाळलं नसणार. त्यांचं पिणं सगळ्या गल्लीला माहीत आहे.

पाऊस चिकट लागलाय. गल्लीत नळाला गढूळ पाणी येतंय, म्हणून पाणी उकळून पितोय.

१९ जुलै, शनिवार

आज राहुल नावाचा पोरगा नारळ घेऊन आला. तारिहाळच्या कारखान्यात लेथवर काम करतो. रविवारी त्याला दिलं होतं तेव्हा पोळी बघितली तरी उलटी येत होती. आज म्हणाला, "काकू, काल तीन भाकऱ्या खाल्ल्या!" डोळेसुद्धा निवळलेत. वाकून पाया पडला. मी "अरे, अरे" म्हणत मागे सरले, पण खरं सांगू? सुख झालं. शाळेत अकरा वर्षं विज्ञान शिकवलं, कुणी असं पाया पडलं नाही.

कुठेतरी ठाऊक आहे मला की तरण्या माणसाची साधी कावीळ विश्रांतीने आपोआपच उतरते. तीन आठवडे झोपून राहिला असता तरी बरा झाला असता. ठाऊक आहे. पण आज ते आठवायची इच्छा नाही.

सुधींद्र नारळ बघून म्हणाले, "काय वैद्यबुवा!" चेष्टेनेच म्हणाले, पण मला आवडलं.

२० जुलै, रविवार

आजचा दिवस वाईट गेला.

सकाळी हेमावती मुलीला घेऊन आली. अश्विनी, वय चोवीस, सातवा महिना. कलघटगीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला आईकडे आलीय. चार दिवस पोटात काही ठरत नव्हतं, काल डोळे पिवळे झाले. पोरगी गोड आहे. भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटत होते, मध्येच उगाच हसत होती. हेमावती म्हणाली, "रात्रभर बडबडत होती अक्का, झोपच नाही. तुमचं औषध द्या. जावई आकाश उद्या येणार, त्याच्याआधी जरा बरी दिसू दे."

मला ती २०११ ची पोरगी आठवली. म्हटलं, देवीची आज्ञा नाही म्हणून हिलाही हाकलू काय? भुईआवळ्याने कुणाचं काय वाईट होतंय?

वाटी घेऊन अश्विनीजवळ बसले आणि मागून आईंचा तो आवाज आला. असा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. हेमावतीने खुर्ची जवळ आणली, तर त्यांनी डावा हात असा फिरवला की वाटी माझ्या हातातून उडून फरशीवर पडली. ताक, हिरवा चोथा, सगळं माझ्या साडीवर. सगळ्यांसमोर!

मी उठून स्वयंपाकघरात गेले, दुसरी वाटी भरली, आईंच्या खुर्चीकडे पाठ करून बसले आणि अश्विनीला पाजली. शहाण्यासारखी प्यायली. अर्धी उलटून पडली, मग परत थोडी दिली.

दुपारभर रडले. एवढा द्वेष? सव्वीस वर्षं यांचं केलं, आजारपण काढतेय, आणि यांना काय वाटतं, तर विद्या मला द्यायची नव्हती, मी चोरली. हो, चोरलीच! द्यायची होती तर तोंड होतं तेव्हा द्यायची होती.

२१ जुलै, सोमवार

सकाळी शांतपणे विचार केला आणि एक गोष्ट ध्यानात आली.

काल उरलेली रोपं टोपलीत होती. उजेडात धरून बघितली. निम्म्यांचे देठ तांबूस, फळं खरखरीत आणि काडीला चिकटलेली. हा भुईआवळ्याचा भाऊ, पण तो नव्हे! खऱ्याचा देठ हिरवा, फळ गुळगुळीत, बारीकशा देठावर. पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवलेला फरक. अंधारात उपटायचं म्हणून मी बॅटरीसुद्धा नेली नव्हती. आणि आईंनी, उजवी बाजू गेलेल्या म्हातारीने, दारात बसून वाटीच्या रंगावरून ते ओळखलं! म्हणून वाटी उडवली. द्वेषाने नव्हे. मी चुकीचं औषध देत होते.

इतकं हलकं वाटलं! आईंजवळ गेले, दोन्ही रोपं दाखवली, विचारलं, "हे चुकलं ना? हे तांबडं?" त्यांनी दोन्ही रोपांकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडेच बघत राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी आलं. मलाही रडू आलं. म्हटलं, आई, आता नाही चुकणार.

हेमावतीने सांगितलं, अश्विनी दिवसभर झोपून आहे. हाक मारली तर हुं म्हणते आणि परत झोपते. "चार दिवसांची झोप भरून काढतेय," हेमावती म्हणाली. बरं झालं. झोप लागली म्हणजे अंगाला उतार पडला.

२२ जुलै, मंगळवार

सुधींद्रना अर्धा दिवस रजा काढायला लावली आणि कलघटगीच्या रस्त्याला गेलो. मागच्या प्लॉटवर आता माझा विश्वास नाही. तिकडे सोयाबीनच्या बांधाला सापडला, हवा तसा, हिरव्या देठाचा, वीतभर उंच. एकेक रोप निरखून घेतलं. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हळद-अक्षता वाहताना दिसले तर तो हसला नाही. म्हणाला, "करा, करा. आमची आईपण आधी विचारूनच उपटायची." या वेळी मी तोंडानेही म्हटलं. नाही म्हणू नकोस, एका पोरीसाठी नेतेय.

परतताना सुधींद्र म्हणाले, "त्या मुलीला डॉक्टरला दाखवलंय का?" म्हटलं, बुधवारचा डोस होऊ द्या. बरोबर औषध अजून पोटात गेलंच कुठे?

२३ जुलै, बुधवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

साडेसातला हेमावती आणि तिचा जावई आकाश अश्विनीला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. चालताना पाय ओढत होती. ओठ सुकलेले. माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, गाय बांधली का?" मी तिची आत्या नव्हे आणि आमच्याकडे गाय नाही. मी म्हटलं, "झोपेत आहे अजून." असं म्हटलं मी. मला आत्ता लिहितानाही ते ऐकू येतंय.

वाटी घेऊन वाकले तर आईंनी मनगट पकडलं. डाव्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. सोडेचनात. मी म्हटलं, "आई, हे बरोबर आहे, हिरव्या देठाचं आहे, कलघटगीहून आणलंय." त्यांनी मनगट सोडलं आणि दाराकडे बोट दाखवलं. परत दाखवलं. परत. मला वाटलं, यांना घराबाहेर काढ म्हणतायत. त्या २०११ सारखं. माझा पारा चढला. हेमावतीसमोर ओरडले, "गरोदर असली म्हणून काय विटाळ झाला? माणूस आहे ती!"

सुधींद्र डबा घेऊन कामावर निघाले होते. ते दारात थबकले. आईंकडे बघितलं, अश्विनीकडे बघितलं आणि डबा खाली ठेवला. म्हणाले, "स्वाती, आई रिक्षा आण म्हणतेय."

"काय?"

"मी शाळेत असल्यापासून हे बोट बघतोय. औषध नाही म्हटलं की मला असंच दार दाखवायची. मी धावत कोपऱ्यावरून रिक्षा आणायचो आणि त्या माणसाला देशपांडे नगरात डॉक्टरांकडे सोडून यायचो. पुढे मला नोकरी लागल्यावर ती स्वतः रिक्षावाल्याला फोन करायची. तुला माहीत नाही?"

मला माहीत नाही. मी रविवारी तिथे बसतच नव्हते.

मग ते अश्विनीसमोर बसले आणि तिचे दोन्ही हात पुढे धरायला लावले, गाडी थांबवतात तसे. पंजे एका जागी राहीनात. पाखराच्या पंखासारखे खाली पडत, वर येत, खाली पडत. "वार कोणता आज?" तिने उत्तर दिलं नाही. आईंनी डोळे मिटून घेतले.

आकाशने तिला उचलली, सुधींद्रनी गाडी काढली. हेमावती अनवाणीच गाडीत बसली. वाटी माझ्या हातात होती, ती कुठे ठेवली ते आठवत नाही.

२४ जुलै, गुरुवार

देशपांडे नगरातल्या डॉ. श्रीलक्ष्मींनी बघताक्षणी मोठ्या इस्पितळात पाठवलं, स्वतः फोन केले. ई जातीची कावीळ आहे म्हणाल्या, दूषित पाण्याने होते. इतरांना फार नाही बाधत, पण पोटुशीच्या जिवावर उठते, मेंदूवर जाते; माणूस बरळतं, हात असे फडफडतात. बाळ काल संध्याकाळीच गेलं. मुलगी होती. अश्विनी बेशुद्ध आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "अनसूयाबाईंच्या सूनबाई ना? मी इथे दवाखाना टाकला तेव्हापासून त्या माझ्याकडे पेशंट पाठवतात. चिठ्ठी नाही, काही नाही. पण त्यांनी पाठवलेला माणूस आला की मी हातातलं काम सोडून उठायची. एकदाही चुकल्या नाहीत हो. मला तर वाटायचं, औषध देणं हे त्यांचं निमित्त आहे. लोक माझ्याकडे येत नाहीत, त्यांच्याकडे येतात. त्यातले कोण थांबू शकतं आणि कोण नाही, एवढंच त्या बघतात."

मी विचारलं, "रविवारी आणली असती तर?"

त्यांनी चष्मा पुसला. "सांगता येत नाही. कदाचित हेच झालं असतं. कदाचित नाही." मग म्हणाल्या, "खोटं कशाला सांगू तुम्हाला."

भुईआवळ्याने काही केलं का, तेही विचारलं. म्हणाल्या, त्याने फार काही झालं नसेल, ना वाईट ना चांगलं. वाया गेले ते मधले दिवस.

मी रोपांचे देठ बघत बसले होते. पोरगी समोर बसल्या बसल्या हातची जात होती आणि मी देठ बघत होते.

२६ जुलै, शनिवार

अश्विनीने डोळे उघडले. हेमावतीला ओळखलं. डॉक्टर म्हणतात, आता वाचेल. बाळाचं तिला अजून सांगितलेलं नाही.

विठ्ठलरावांना बघून आले. पोटातलं पाणी काढलंय. मला म्हणाले, "तुमच्या सासूबाई तेव्हा काय सांगत होत्या हो?" मी म्हटलं, दवाखान्यात जा म्हणत होत्या. ते म्हणाले, "मला वाटलंच."

आज संध्याकाळी प्लॉटवर गेले नाही.

२७ जुलै, रविवार

सकाळी दार उघडलं तर फाटकाशी बावीस माणसं! गल्लीत बातमी अशी पसरलीय की मरणाच्या दारातली पोरगी आमच्या औषधाने परत आली. मी सांगितलं, औषध बंद आहे. कोणी हलेना. मी सांगितलं, ती दवाखान्याने वाचली, माझ्यामुळे तिला उशीर झाला. एक बाई शेजारणीला म्हणाली, "मोठ्या मनाची आहे बघ, स्वतःकडे मोठेपणा घेत नाही."

कपाळाला हात लावला.

शेवटी आईंची खुर्ची दारात आणली. मी त्यांच्याशेजारी स्टूल घेऊन बसले. वाटण नाही, वाटी नाही. एकेकाला पुढे बोलवलं, उजेडाकडे बघायला लावलं, हात पुढे धरायला लावले, वार विचारला. प्रत्येक वेळी आईंकडे बघितलं. बहुतेकांना त्या पापण्यांनी हो म्हणाल्या. त्यांना म्हटलं, विश्रांती घ्या, उकळलेलं पाणी प्या, आठवड्यात रक्त तपासा. दोघांवर बोट दाराकडे गेलं. सुधींद्रनी रिक्षा आणली. औषध न मिळाल्याने बरेच जण चिडून गेले. एकाने फाटक आपटलं.

दोघांतला एक माझ्या नजरेला अगदी धडधाकट वाटला होता. मी अजून किती वर्षं बसले तर मला दिसेल कोण जाणे. आणि आई तेवढी वर्षं नाहीत.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज हेमावती कामावर परत आली. मी म्हटलं होतं, राहा अजून, पगार चालू ठेवते. तर म्हणाली, घरात बसून काय करू? अश्विनी भिंतीकडे तोंड करून झोपते, बोलत नाही. आकाश गावी गेलाय.

आली ती सरळ आईंजवळ गेली. त्यांचे केस विंचरले, पातळ नीट केलं. मी दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते. ती मऊ भाताची ताटली घेऊन बसली तेव्हा मीही समोर जमिनीवर बसले.

म्हटलं, "हेमावती, लोक काय म्हणतात ते ऐकू नकोस. औषधाने नाही वाचली ती. माझ्यामुळे तिचे तीन दिवस फुकट गेले. आईंनी पहिल्याच दिवशी नको म्हणून सांगितलं होतं. मला कळलं नाही."

तिने घास कालवला, आईंना भरवला, हनुवटीवर सांडलेलं बोटाने पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"मला कळलं होतं अक्का," ती म्हणाली. "वाटी पाडली तेव्हाच. दिवसभर मीच असते की त्यांच्याजवळ. भूक लागली की वेगळ्या बोलतात, पाय दुखला की वेगळ्या. तेव्हा म्हणत होत्या, घेऊन जा हिला, घेऊन जा."

मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुम्ही दुसरी वाटी भरून आणलीत. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाई, झाडांचंच शिकलेल्या. अव्वांपेक्षा यांना जास्त कळत असणार." तिने पुढचा घास कालवला. "माझी पोरगी होती, तरी मी तुमचंच ऐकलं."

आईंनी तोंड उघडलं नाही. घास तसाच हेमावतीच्या हातात राहिला.